अर्धं वाळलेलं जुनिपर बोन्साय : आत्ता छाटू की थांबू?

गच्चीकर_लातूर
नमस्कार मंडळी. शेजारच्या साहेबांची बदली झाली आणि जाताना ते आपलं जुनिपरचं बोन्साय (ट्रेमध्ये बुटकं वाढवलेलं सदाहरित सूचिपर्णी झाड) माझ्या गळ्यात मारून गेले. झाड देखणं आहे. म्हणजे असावं एके काळी. खोड अंगठ्याहून जाड, एका अंगाला झुकलेलं, निळी उथळ ट्रे, वर पांढरे गोटे. त्यांच्याकडे ते हॉलमध्ये टीव्हीशेजारी असायचं.

आजची अवस्था अशी : डावीकडची खालची फांदी पूर्ण तपकिरी, हात लावला की भुगा होतो. उजवी बाजू आणि शेंडा हिरवा आहे, पण त्या हिरव्यावर राखाडी झाक आहे. फडक्याने पुसलं तरी जात नाही. आतून सगळीकडे वाळक्या काड्या. काही ठिकाणी पाला हाताला मऊ लागतो, काही ठिकाणी चक्क टोचतो. माती कोरडी की ओली ते बघायला गोटे उचलायला गेलो तर निघेचनात, गोंदाने चिकटवलेत!

नोव्हेंबर आहे, थंडी पडायला लागलीय. नवी कात्री आणलीय. व्हिडिओत एक जण असंच झाड अर्ध्यावर आणतो, तार गुंडाळतो आणि दहा मिनिटांत झाडाचं रूप पालटतं. हात शिवशिवतायत. छाटू का? किती?

खुरपं
कात्री आधी खाली ठेवा दादा.

व्हिडिओतलं झाड दोन-तीन वर्षं खाऊनपिऊन दांडगं झालेलं असतं, ते कोणी सांगत नाही. वड, बोगनवेल, चिंच बुंध्याशी छाटली तरी फुटते. जुनिपरचा हिशेब वेगळा. त्याचं बळ पाल्यात असतं. हिरवा पाला काढला की मुळांना मिळणारं अन्न तेवढं कमी, आणि पाला संपलेल्या जुन्या फांदीवर नवा कोंब सहसा येतच नाही. ज्या फांदीवरचं सगळं हिरवं गेलं ती फांदी गेली, असं धरून चाला. म्हणून आजारी जुनिपरची छाटणी म्हणजे फक्त तपकिरी काढायचं. हिरव्याला हात नाही.

आता हे करून बघा आणि इथे लिहा :
तपकिरी फांदीची साल नखाने हलकी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे. कोरडं, पिवळट-तपकिरी दिसलं तर विषय संपला. टोकाकडून सुरुवात करून खोडाकडे सरकत या, कुठवर मेलंय ते कळेल. खोडावरही एका ठिकाणी बघा. हिरव्या बाजूवर विसंबून राहू नका. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं, आपण पाणी घालत बसतो.

दुसरं, ते गोटे आजच्या आज फोडा. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि उचका. नर्सरीवाले वाहतुकीत माती सांडू नये म्हणून चिकटवतात. पाणी वरून वाहून जातं आणि मुळांभोवतीचा मातीचा गोळा आतून कोरडा राहतो, किंवा आत गेलेलं पाणी वाळत नाही.

तिसरं, घरात ठेवू नका. टीव्हीशेजारी जुनिपर जगत नाही, सावकाश मरतं. सकाळचं कोवळं ऊन मिळेल असा गच्चीचा कोपरा शोधा.

निवडुंग७
मी जरा वाईटपणा घेतो. हिमालयात वाढणाऱ्या जातीचं झाड लातूरच्या गच्चीवर कशाला? मे महिन्यात ४२ अंश, बोअरला खारं पाणी, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर. उंबर लावा, पिंपळ लावा, चिंच लावा. चिंचेचं बोन्साय आपल्या हवेत दणक्यात होतं आणि पान इतकं बारीक की लहान झाडावर शोभतं.

गच्चीकर_लातूर
@निवडुंग७, पटतंय. पण हे मी विकत आणलेलं नाही हो. दारात आलेल्याला मरू कसं द्यायचं?

माळावरची (अंबाजोगाई)
निवडुंगराव, सगळी जुनिपर हिमालयातली नसतात. बोन्सायला वापरतात ती बहुतेक चीन-जपानकडची. माझ्याकडे एक आहे आणि चांगलं आहे. आमच्याकडे बालाघाटाच्या डोंगराचा वारा असतो, संध्याकाळ लवकर निवते, तो फायदा मान्य. पण लातूर काही वाळवंट नाही. उन्हाळ्यात पन्नास टक्क्यांची ग्रीन नेट, ट्रे स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा बाकावर, एवढं पाळलं तर टिकतं. तापलेला स्लॅब रात्री नऊपर्यंत चटके देतो, उथळ ट्रेमधली मुळं तिथेच शिजतात. 

दादा, एक शंका. ते नक्की जुनिपरच आहे ना? आपल्याकडे मोरपंखीची रोपं वाकवून जुनिपर म्हणून विकतात. मोरपंखीचा पाला तळहातासारखा सपाट आणि उभा असतो. जुनिपरचा पाला चहूबाजूंनी गोल वाढतो.

गच्चीकर_लातूर
सपाट नाही ताई, गोलच आहे. चुरगळल्यावर वासही येतो, रंधा मारलेल्या लाकडासारखा.

खरवडून बघितलं. डावी फांदी खोडापर्यंत मेलेली. खोडावर मात्र गंमत आहे : डावीकडची साल दबलेली, कोरडी. उजवीकडे साल फुगीर आहे आणि नख लावताच हिरवं. खुरपंताई, याचा अर्थ काय?

गोटे फोडले. खाली लालभडक चिकण मातीचा गोळा, वीतभर सळई टोचली तर अर्ध्यात अडकली. आणि वास कुबट.

खुरपं
अर्थ असा की डाव्या अंगाची मुळं कुजली. जुनिपरमध्ये ठरावीक मूळ ठरावीक फांदीला पाणी पुरवतं, मधला सालीचा पट्टा त्यांची वाहिनी. मूळ मेलं की तो पट्टा आणि वरची फांदी दोन्ही जातात, बाकीचं झाड आपलं चालू राहतं. जुन्या जुनिपरच्या खोडावर पांढरं लाकूड आणि शेजारी जिवंत सालीची दोरी दिसते ना, ती अशीच घडते. तुमचं झाड निम्म्या खोडावर जगतंय. ही वाईट बातमी नाही.

लाल गोळा ओळखीचा आहे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत माल येतो तो आंध्रातल्या कडियमहून नाहीतर पुण्याकडून उरुळी कांचनहून, आणि ट्रकमध्ये टिकावा म्हणून चिकण मातीत बांधलेला असतो. प्रवासाला ती माती उत्तम, ट्रेमध्ये राहायला वाईट. कोरडी झाली की पाणी आत शिरत नाही, ओली झाली की हवा शिरत नाही.

आता पाला तपासा. राखाडी झाक मला आवडलेली नाही. फांदीखाली पांढरा कागद धरून झटका.

ढेकूळ (परभणी)
ताई बोलल्या ते बरोबर. मी शेतकरी माणूस, बोन्साय-फिन्साय कळत नाही, पण राखाडी पाला म्हणलं की मला लाल कोळीच दिसायलाय. वांग्याला, भेंडीला आम्ही दरसाल बघतो. कागदावर ठिपके पडतील, टाचणीच्या टोकाएवढे. ते चालायलेत का बघा, आणि बोटानं पुसा. लालसर रेघ उमटली की कोळी.

दुकानदार लगेच इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक हातात ठेवील. घेऊ नका. कोळी हा किडा नव्हे, आठ पायांचा आहे, त्याच्यावर ते चालत नाही. उलट कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात अन् कोळी दुप्पट होतो. आधी पाण्याची धार मारा, पाल्याच्या खालून, जोरात. नंतर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी. अंड्यांवर हे नीट चालत नाही म्हणून सहा-सात दिवसांनी परत, अन् अजून एकदा. गंधक बी चालतं पण ३२ अंशांच्या वर मारू नका, पाला करपतो. अन् तेल मारलं असंल तर दोन-तीन आठवडे गंधकाचं नाव नको.

गच्चीकर_लातूर
ढेकूळभाऊ, कागद धरला. चार-पाच ठिपके पडले, एक चक्क चालत कागदाच्या कडेकडे निघाला. पुसला, लाल रेघ. अंगावर काटा आला. उद्या धार मारतो.

एमआयडीसीवाला
मी तर म्हणतो चांगली मूठभर डीएपी टाका, झाड उभं राहील.

ढेकूळ
कामून मारायलाव बिचाऱ्याला! ज्याच्या मुळ्या कुजल्या त्याला डीएपी? खत मुळी खाती, मुळीच नाही तर खाणार कोण? मीठ तेवढं वाढंल.

खुरपं
+१ ढेकूळभाऊ. नव्या फुटीचे पोपटी शेंडे दिसेपर्यंत खत बंद. मग निंबोळी पेंड किंवा भुईमुगाची पेंड चिमूटभर, कडेने.

मिठावरून आठवलं, पाणी कुठलं घालता दादा?

गच्चीकर_लातूर
बोअरचं. आणि हो, उन्हाळ्यात कूलरमधलं उरलेलं ओतायचा विचार होता, वाया नको म्हणून.

ढेकूळ
कूलरचं तर बिलकूल नको. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतो. दिवसभर कूलर चालला की टाकीतलं पाणी बोअरपेक्षा खारं. कूलरच्या गवतावर पांढरी खपली बघता ना, तेच मुळीवर बसतं. आरओचं फेकायचं पाणी बी तसलंच, गाळून काढलेला सगळा क्षार त्यातच. एसीचं पाणी मात्र चांगलं, ते हवेतनं निघालेलं. पावसाचं सगळ्यात भारी. बोअरचं पाणी कृषी विज्ञान केंद्रात एकदा तपासून घ्या, तसंबी शेतासाठी लागतंच.

माळावरची
पाणी खारं असलं तरी एक करता येतं. थोडं थोडं रोज न घालता, लागेल तेव्हा भरपूर घालायचं, ट्रेच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. पाऊस पडला की ट्रे सरळ पावसात. पण हे सगळं माती निचऱ्याची असेल तर.

आणि माती आत्ता बदलायची की नाही यावर माझं मत वेगळं आहे. मी जुलैत बदलते, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. हवेत ओल असते, पाला सुकत नाही. नोव्हेंबरात आपल्याकडे हवा कोरडी होते. आजारी झाड, त्यात कोळी, त्यात मुळं उघडी. मी तर नाही धाडस करणार.

खुरपं
माळावरची, निरोगी झाड असतं तर मीही जुलै म्हटलं असतं. पण वास कुबट येतोय. जुलैपर्यंत ते गोळ्यात राहिलं तर उजवी मुळंही जातील आणि मधे आपला एप्रिल-मे आहे. आत्ता केलं तर उन्हाळ्याआधी तीन-साडेतीन थंड महिने मिळतात. फक्त पूर्ण मुळं धुवायची नाहीत. जुनिपरच्या मुळांच्या आत एक उपयोगी बुरशी असते, डोळ्यांना दिसत नाही, पण ती मुळांना पाणी-अन्न ओढायला मदत करते. सगळं धुतलं, मुळं तुटली की तिलाही धक्का बसतो. म्हणून अर्धा गोळा यंदा, उरलेला पुढच्या वेळी.

पण आधी कोळी. तीन फवारण्या होऊ द्या, मग मुळं. दोन ऑपरेशनं एकदम नकोत. आणि तोवर एक सोपं करा : ट्रेच्या एका बाजूखाली वीट सारा. तिरपी ट्रे साठलेलं पाणी लवकर सोडते.

माळावरची
अर्धा गोळा असेल तर चालेल. माझा विरोध सबंध धुण्याला होता.

गच्चीकर_लातूर
मातीत काय भरू? इथे अकादामा (बोन्सायसाठीची जपानी दाणेदार माती), प्युमिस (हलका सच्छिद्र दगड) मिळत नाही, ऑनलाइन मागवलं तर झाडापेक्षा माती महाग.

खुरपं
अकादामाची काही गरज नाही. आपल्याकडे वीटभट्ट्या काय कमी आहेत? पक्की भाजलेली वीट घ्या, ठोकल्यावर टणकन वाजणारी. कच्ची, पिवळट वीट पावसात परत चिखल होते. फोडा आणि दोन चाळण्यांतून काढा : साधारण ३ ते ६ मिलिमीटरचे खडे ठेवायचे, मोठे परत फोडायचे, पीठ फेकायचं. पीठ फेकायला जीव होत नाही लोकांचा आणि तिथेच घोटाळा होतो, तेच भोकांत जाऊन बसतं. विटेच्या निम्मी क्रशरची बारीक खडी, आणि थोडं धुतलेलं कोकोपीट. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. काळी माती एक चिमूटही नको. कापसाला सोनं आहे ती, ट्रेमध्ये भेगाळते आणि मुळं तोडते.

ट्रेही बदला. आजारी झाडाला उथळ ट्रे नको, साधी चार-सहा इंच खोल कुंडी द्या, भोकं मोठी असलेली. तळाला खडीचा थर द्यायची पद्धत आहे, तिचा उपयोग नाही. पाणी थराच्या वरच अडतं आणि मुळांची ओल आणखी वर सरकते. भोकांवर जाळी, तेवढं बस.

गच्चीकर_लातूर
फवारण्या झाल्या. कागदावर आता काही पडत नाही. आज गोळा उघडला, सांगतो.

डावीकडची मुळं काळी, ओढली की साल मोज्यासारखी निघून हातात आणि आत पांढरा दोरा. तेवढी कापली. उजवीकडे मातीच्या भेगेत मात्र फिकट, जाडसर टोकांची मुळं आणि त्यांच्यावर कापसासारखं पांढरं. त्याला हात लावला नाही. डावीकडचा अर्धा गोळा चॉपस्टिकने उकरून काढला (चॉपस्टिक कुठली, झाडूची काडी टोकदार करून घेतली). कुंडीच्या भोकांतून तार घालून बुंधा घट्ट बांधला. झाड हलत नाहीये.

मेलेली फांदी बुडापासून कापून टाकावी म्हणतो, उगीच भकास दिसते.

खुरपं
बांधलंत ते छान. हललं की नवी केसमुळं तुटतात, निम्मी झाडं तिथेच जातात.

मेलेली फांदी कापू नका! बारीक काड्या काढा, मुख्य फांदी राहू द्या. जुनिपरचं मेलेलं लाकूड ही त्याची शोभा आहे, त्याला जिन म्हणतात. खोडावरच्या मेल्या पट्ट्याला शारी. लोक निरोगी फांद्या मुद्दाम सोलून जिन करतात, तुम्हाला झाडाने फुकट दिलीय. पण साल सोलायची घाई आत्ता नको, जिवंत सालीची कड अजून सरकू शकते.

आता तीन-चार आठवडे सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला. पाल्यावर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा, मातीत मात्र वरचा थर सुकल्यावरच पाणी. आणि रोज उचकून बघू नका.

एमआयडीसीवाला
टोचणाऱ्या पाल्याचं काय झालं? ते कोणीच सांगितलं नाही.

माळावरची
बरं झालं आठवण केलीत. काही जुनिपरना कायमच सुईसारखा पाला असतो. पण ज्यांचा पाला खवल्यांचा असतो त्यांना ताण आला किंवा जास्त छाटलं की बाळपणीचा सुईसारखा पाला फुटतो. दादांच्या झाडावर दोन्ही आहेत म्हणजे ताणाचंच. कापून टाकू नका. ताकद आली की पुढची फूट आपोआप मऊ खवल्यांची येते, मग सुया हळूहळू कमी करायच्या.

गच्चीकर_लातूर
धागा वर काढतो. उन्हाळा पार पडला! ग्रीन नेट, विटा, सकाळ-संध्याकाळ पाणी. कुंडी आणखी एका मोठ्या कुंडीत वाळू भरून बसवली होती. मे महिन्यात शेंडे थांबले होते, पाऊस लागल्यावर सुटले. पोपटी फूट सगळ्या उजव्या बाजूला आणि शेंड्यावर. पावसाची उघडीप झाल्यावर पेंडही दिली. आता परत थंडी आलीय. कात्री धूळ खातेय. परवानगी आहे का?

निवडुंग७
मी हरलो. फोटो टाका.

खुरपं
आता परवानगी, पण कात्री शेवटी. आधी चिमटा. आतल्या तपकिरी काड्या चिमट्याने खोडाकडून टोकाकडे काढत या. निम्मं काम इथेच होतं आणि आत उजेड-वारा गेला की कोळीही कमी येतो. मग फांदीच्या बेचक्यात आणि पोटाखाली लोंबणारी दुबळी फूट. मग बाहेर धावलेले लांब शेंडे : प्रत्येक शेंडा मागे येऊन एखाद्या हिरव्या बगलफुटीशी कापायचा, म्हणजे ती फूट पुढची होते. खवल्यांच्या मधून कापू नका, काप तपकिरी पडतो. मेंदीच्या कुंपणासारखं वरून सपसप तर नाहीच. नखाने शेंडे खुडायची सवयही लावून घेऊ नका, टोकंच झाडाला ओढून नेतात.

एकूण हिरव्याच्या पाव भागाहून जास्त नको यंदा. निरोगी झाडाला मी एक तृतीयांशापर्यंत जाते, तुमचं अजून उठतंय. प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरवं राहिलंच पाहिजे. आणि उरलेला अर्धा गोळा यंदा नको, पुढच्या साली.

गच्चीकर_लातूर
केलं. चिमट्याचंच काम दुपारभर पुरलं, ताटभर काड्या निघाल्या. कात्री फार थोडी चालली. खोड आता पहिल्यांदा दिसतंय. जिनची साल सोलली, ओली करून पक्कडने ओढली तर लांब पट्टीत निघाली. आत लाकूड मधाच्या रंगाचं आहे. त्याला पांढरं करायला काय लावतात?

माळावरची
लाइम सल्फर, म्हणजे चुना-गंधकाचं द्रावण. नासक्या अंड्यांचा वास येतो, घरात उघडू नका, गच्चीवरच, हातमोजे घालून. लाकूड आधी ओलं करा, मग ब्रशने फक्त मेल्या लाकडावर. जिवंत सालीला आणि कुंडीतल्या मातीला लागू देऊ नका, मातीवर प्लॅस्टिक पसरा. लावल्यावर पिवळं दिसतं, उन्हात वाळलं की पांढरं होतं. लाकूड लवकर कुजतही नाही.

गच्चीकर_लातूर
आणि तार? उजवी फांदी थोडी खाली आणायची होती.

खुरपं
ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, ४५ अंशात गुंडाळत जायची. पण यंदा छाटणी झालीय, तार पुढच्या हिवाळ्यात. तोवर घाईच असेल तर फांदीला सुतळी बांधा आणि कुंडीच्या काठाशी ओढून धरा. सुतळी फांदीला लागते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.